मायक्रोबायोलॉजीला प्रवेश घेतला, पण केमिस्ट्री सगळी घोकंपट्टीची निघाली. कुठून धरू?

आजीची_नात

नमस्कार. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. बारावी सायन्स, बी ग्रुप, गुजराती मीडियममधून. नीटमध्ये जमलं नाही म्हणून बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलं. मला वाटलं होतं, पहिल्याच आठवड्यात बॅक्टेरिया बघायला मिळतील. तीन आठवडे झाले, आम्ही अजून पाण्यातच आहोत. पाणी, बंध, पीएच, बफर. आमच्या मॅडम म्हणतात, हे पक्कं झाल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आणि मला आत्ताच काही कळत नाहीये.

बारावीला केमिस्ट्रीत मार्क बरे होते, पण ते कसे आले ते मला माहीत आहे. व्याख्या पाठ, रिअ‍ॅक्शन पाठ, परीक्षा झाली की सगळं साफ.

मला सवय आहे की दिवसभरात जे शिकले ते रात्री आजीला मराठीत सांगायचं. आजी सातवी शिकलेली. पण ती "म्हणजे काय?" असं विचारते आणि मी तिथेच अडकते. या आठवड्यात तीन ठिकाणी अडकले:

हायड्रोजन बंध कमकुवत असतो, असं मी सांगितलं. आणि डीएनएचे दोन धागे त्याच बंधाने जोडलेले असतात, हेही सांगितलं. आजी म्हणाली, "कमकुवत आहे तर त्याच्या भरवशावर एवढं सगळं कसं उभं राहतं?"

एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, असं बायोचं पुस्तक म्हणतं. बंध तोडायला ऊर्जा लागते, असं केमिस्ट्रीचे सर म्हणायचे. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

आणि पीएच. आकडा वाढला की आम्ल कमी होतं, हे पाठ आहे. का, ते माहीत नाही.

बायोसाठी केमिस्ट्री नेमकी किती लागते आणि सुरुवात कुठून करू? पुस्तकांची नावं नकोत, पुस्तकं आहेत. कुणीतरी मराठीत सांगा.

---

क्लासवाले_सर

तीन आठवडे पाण्यात घालवलेत, मग तुम्ही भाग्यवान आहात, आमच्याकडे हा भाग दीड तासात होतो. एवढं खोलात जाऊ नका. नीट पुन्हा द्यायची असेल तर १८० प्रश्नांत ९० बायोचे आणि केमिस्ट्रीचे फक्त ४५. एटीपीबद्दल जे पुस्तकात छापलंय तेच लिहायचं, मार्क त्याचेच मिळतात. आजींना समजावणं हा वेगळा विषय झाला.

---

रिटायर्ड_डेमॉन्स्ट्रेटर

सर, तिने नीट सोडलीय, पहिल्या तीन ओळींत लिहिलंय.

हां बाळ, आता तुझं. मी बडोद्यातच एका कॉलेजात ३१ वर्षं केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर होते. बायोच्या बॅचेस कायम माझ्या गळ्यात, कारण बाकीच्यांना त्यांचा कंटाळा. पहिल्या प्रॅक्टिकलला एखादी तरी म्हणायचीच, "मॅडम, केमिस्ट्री नको म्हणून तर बायो घेतलं." मी म्हणायचे, बरं, मग बायोत काय काय आहे ते सांग. ती साखर, चरबी, प्रोटीन असं सुरू करायची आणि तिसऱ्या शब्दाला स्वतःच हसायची.

बायोसाठी केमिस्ट्री फार लागत नाही. पण जी लागते ती एका प्रश्नावर उभी आहे: इलेक्ट्रॉन कोण ओढतंय? हा प्रश्न प्रत्येक रेणूला विचारायची सवय लाव.

दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात तेव्हा वाटणी सारखी होतेच असं नाही. कुणाची ओढ किती, त्याची मोजपट्टी लायनस पाउलिंगने करून ठेवलीय. ऑक्सिजन ३.४४, नायट्रोजन ३.०४, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०. हे चार आकडे घोक. घोकायला माझी परवानगी आहे, फक्त एवढ्यापुरती.

आता वजाबाकी कर. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यात फरक ०.३५, म्हणजे वाटणी जवळजवळ समसमान, भांडण नाही. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यात १.२४. इथे ऑक्सिजन जोडी स्वतःकडे खेचून बसतो, त्याच्या अंगावर थोडा ऋण भार येतो, हायड्रोजन उघडा पडतो आणि थोडा धन होतो. त्यात पाण्याचा रेणू वाकडा, १०४.५ अंशांत. सरळ रेषेत असता तर दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना कापून गेली असती आणि तुझे तीन आठवडे वाचले असते. (तू पण नसतीस, ते जाऊ दे.)

उघडा पडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे झुकतो. हाच तुझा हायड्रोजन बंध. आजींचा प्रश्न फार चांगला आहे, माझ्या ३१ वर्षांत तो असा थेट कुणी विचारला नाही. उत्तर दोन भागांत देते.

पहिला भाग: कमकुवत म्हणजे किती? पाण्याच्या रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणूंचा एक ठरलेला गठ्ठा, पुढे सांगते) साधारण ४६० किलोज्यूल लागतात. दोन रेणूंमधल्या हायड्रोजन बंधाला साधारण २०. वीसपटीहून जास्त फरक. पण हे बंध एकटे नसतात, झुंडीने असतात. सडक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो ना, हायड्रोजन सल्फाइड, त्याचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, ३४ विरुद्ध १८. तरी तो उणे ६० अंशांनाच उकळून वायू होतो, आणि हलकं पाणी १०० अंशांपर्यंत भांड्यात टिकतं. गंधकाची ओढ जेमतेम २.५८, म्हणून तिथे ही झुंडच जमत नाही. तुमच्या नळाला माहीचं किंवा आजव्याचं पाणी येतं आणि ते भांड्यात राहतं, ते या कमकुवत बंधांमुळे.

दुसरा भाग: डीएनएला घट्ट बंध परवडलाच नसता. शिंपी ब्लाउज बेतताना आधी कच्चे टाके घालतो, आजींना विचार. ते ओढले की निघतात, म्हणूनच घालायचे. पेशीला वाचायला, नक्कल करायला ते धागे सारखे उसवावे लागतात. धाग्यांवरची अक्षरं म्हणजे बेस: ए, टी, जी, सी. ए-टीच्या जोडीत दोन टाके, जी-सीच्या जोडीत तीन. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात अशा सुमारे ३०० कोटी जोड्या. एकेक टाका कच्चाच, पण पूर्ण शिवण एका हिसक्यात निघेल का? (बेस एकमेकांवर चळतीसारखे रचून बसतात, त्याचाही आधार मोठा आहे. पण ते पुढच्या वर्षी.)

आता स्वयंपाकघरात जा. पुरणपोळीच्या दिवशी कटाची आमटी होते ना? तिच्यावर तवंग येतो. चमच्याच्या टोकाने दोन छोटे तवंग एकमेकांजवळ ढकल. शिवले की पटकन एक होतात, पुन्हा वेगळे होत नाहीत. मुली मला सांगायच्या, "तेलाला पाणी आवडत नाही." तेलाला काही आवडत-नावडत नाही. तेल म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या, समसमान वाटणीवाले, पाण्याला धरायला त्यांच्याकडे टोकच नाही. तेलाभोवतीच्या पाण्याला मग शिस्तीत उभं राहावं लागतं, मोकळेपणी हात बदलता येत नाहीत. दोन तवंग एक झाले की मधला पृष्ठभाग कमी होतो आणि तेवढं पाणी मोकळं सुटतं. लोटणारं पाणी आहे, पळणारं तेल नाही. पेशीचं आवरण असंच जमतं, आणि प्रोटीनची माळ स्वतःभोवती गुंडाळते तीही बरीचशी यामुळेच. तेलकट भाग आत, पाण्याशी बोलणारे बाहेर. आमटीवर पाच मिनिटं घालव, धड्याची सात पानं वाचतील.

एटीपी. तुझ्या केमिस्ट्रीच्या सरांचं बरोबर आहे. बंध तोडायला ऊर्जा लागतेच, जगात कुठलाही बंध घे, अपवाद नाही. बायोच्या पुस्तकाने अर्धंच वाक्य छापलंय.

न्यायमंदिराहून शटल रिक्षात कधी बसलीस? मागच्या सीटवर तिघं, तिघांच्या मांडीवर बोचकी. एटीपीच्या शेपटीचे तीन फॉस्फेट तसे बसलेत, आणि बोचकी म्हणजे ऋण भार. पेशीच्या पीएचला सगळे मिळून जवळपास चार ऋण भार एवढ्याशा जागेत, एकमेकांना ढोसणारे. कडेच्याला उतरायचं तर आधी अडकलेला पाय सोडवायला कष्ट पडतात. बंध तोडण्याचा खर्च तो. पण तो उतरला, पाण्याचा रेणू येऊन त्याला चिकटला, नवे बंध झाले, भाराला पसरायला जागा मिळाली, सीटवर उरलेल्यांनाही मोकळं वाटलं. या सगळ्यातून जे सुटतं ते खर्चापेक्षा जास्त. हिशेबाअंती मोलमागे ३०.५ किलोज्यूल हातात उरतात. हा प्रमाणित परिस्थितीतला आकडा. पेशीत पन्नासच्या आसपास मिळतात, कारण तिथे एटीपी भरपूर आणि उतरलेली मंडळी कमी ठेवलेली असतात.

म्हणून वहीत "एटीपीचा बंध तुटून ऊर्जा मिळते" असं लिहू नकोस. "एटीपी आणि पाण्याची अभिक्रिया होऊन ऊर्जा मिळते" असं लिही. परीक्षक मार्क कापणार नाही, आणि आजींनी अडवलं तरी तू अडकणार नाहीस.

पीएच रात्री लिहिते, नातवाला आणायला जायचंय.

---

रिटायर्ड_डेमॉन्स्ट्रेटर

आले. पीएचच्या आधी माझी एक फजिती.

माझं नवीन लग्न झालेलं, नणंदेची हळद होती. माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर हळदीचा हात उठला. रात्री गुपचूप कपडे धुवायची वडी घासली, तर डाग लालभडक. मी तेव्हा एमएस्सी केमिस्ट्री झालेले, आणि मोरीत बसून रडले. सासूबाई आल्या, म्हणाल्या, "अगं, लिंबू पिळ." पिळलं, पुन्हा पिवळा. मग दोन दिवस उन्हात टाकला, गेला. शिकून आलेली मी, आणि इंडिकेटर त्यांनी वापरला.

हळदीतल्या करक्यूमिनची ही सवय: आम्लात पिवळी, अल्कलीत लाल. पाय मुरगळला की आजी हळद-चुन्याचा लेप लावत असतील, तो लाल होतो तो यामुळे. एका वाटीत हळदीचं पाणी घे, चिमूटभर खायचा चुना टाक, मग थेंब थेंब लिंबू. हे आजींच्या समोर कर.

आता आकडा. शुद्ध पाण्यातसुद्धा थोडे रेणू फुटतात आणि हायड्रोजन आयन मोकळे फिरतात. (ते खरं तर दुसऱ्या पाण्याच्या रेणूवर स्वार होऊन फिरतात, पण हिशेबाला हरकत नाही.) २५ अंशांना एका लिटरात किती? एका मोलचा एक कोटीवा भाग. एक कोटी म्हणजे एकावर सात शून्यं. तो सात म्हणजेच पीएच ७. पीएच ६ म्हणजे दहा लाखावा भाग, पीएच ८ म्हणजे दहा कोटीवा. भाजक वाढला की हिस्सा कमी होतो, म्हणून आकडा वाढला की आम्ल कमी. पीएच म्हणजे शून्यं मोजणं, यापलीकडे त्यात गूढ नाही. आणि मोल म्हणजे डझनसारखा एक मोठा गठ्ठा, ६०२२ वर वीस शून्यं. पाण्याचा असा गठ्ठा १८ ग्रॅम भरतो, पोह्याच्या चमच्याने एक-दोन चमचे. संपलं.

ही मोजणी १९०९ साली सोरेन्सनने सुरू केली, कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत. हो, बिअरवालेच. एन्झाइमचं काम आम्लाच्या प्रमाणावर किती अवलंबून असतं ते तो बघत होता. मायक्रोवाल्यांनी हे अभिमानाने सांगावं.

आणखी एक, मग झोपते. दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं. दुधातल्या केसीनच्या गोळ्यांवर ऋण भार असतो, त्या एकमेकींना लांब ठेवतात. दुधाचा पीएच साधारण ६.७. लिंबाचे हायड्रोजन आयन जाऊन ते ऋण भार मिटवतात, पीएच ४.६ च्या आसपास आला की भांडायला भारच उरत नाही, गोळ्या एकमेकींना चिकटतात. विरजणातले जंतू तेच काम लॅक्टिक आम्लाने सावकाश करतात, म्हणून दही मऊ लागतं. श्रीखंडाचा चक्का टांगशील तेव्हा लक्षात ठेव, फडक्यात प्रोटीनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो) लटकतोय.

---

मांजलपूरचा_लॅबवाला

काकू, तुमचं वाचून माझं डीएमएलटी पुन्हा झालं.

मी मेडिकल लॅब टेक्निशियन. घर मांजलपूरला, नोकरीची बरीच वर्षं छोटाउदेपूर बाजूला काढली. ताई, "इलेक्ट्रॉन कोण ओढतंय" हे फक्त पुस्तकात नसतं, आमच्याकडे ते टेस्ट ट्यूबमध्ये दिसतं. त्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप आहे, आणि आम्ही गावोगाव कॅम्प करायचो.

टेस्ट अशी. एका ट्यूबमध्ये फॉस्फेटचं घट्ट बफर, त्यात लाल पेशी फोडायला सॅपोनिन आणि ऑक्सिजन काढून घ्यायला सोडियम डायथायोनाइट. त्यात बोटाचं थेंबभर रक्त सोडायचं, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. मग पांढऱ्या कार्डावर काळ्या रेघा मारलेल्या असतात, ते कार्ड ट्यूबच्या मागे धरायचं. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. ट्यूब गढूळ झाली, रेघा गायब झाल्या, तर पॉझिटिव्ह, पुढे पक्की तपासणी. वीज नाही, मशीन नाही. शाळेच्या व्हरांड्यात बसून शंभर मुलांची होते.

आता गढूळ का होतं ते बघा. हिमोग्लोबिनच्या बीटा माळेत १४६ मणी, म्हणजे अमिनो आम्लं. त्यातला सहावा मणी ग्लुटामिक आम्ल असतो. त्याच्या टोकाला दोन ऑक्सिजन, काकूंच्या भाषेत ओढणारे, म्हणून ऋण भार आणि पाण्याशी दोस्ती. सिकलमध्ये तिथे व्हॅलिन येतं. व्हॅलिनच्या टोकाला नुसते कार्बन-हायड्रोजन, समसमान वाटणीवाले, म्हणजे आमटीवरचा तवंग. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार जरा बदलतो, शेजारच्या रेणूवर तेलकट खाच उघडते आणि हा व्हॅलिन तिच्यात जाऊन बसतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, लांब दोरे होतात. शरीरात लाल पेशी कोयत्यासारखी वाकडी होते, ट्यूबमध्ये गढूळ दिसतं. गंमत म्हणजे काकूंनी ज्या पाउलिंगचे आकडे घोकायला सांगितले, त्यानेच सहकाऱ्यांबरोबर १९४९ साली दाखवलं होतं की सिकलचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं, म्हणजे भारात फरक आहे. आमच्या लॅबमध्ये अल्कलीच्या बफरवर इलेक्ट्रोफोरेसिस लावलं की आजही ती पट्टी मागे राहिलेली दिसते. ऋण भार कमी, म्हणून धन टोकाकडची धाव कमी.

माझीही एक फजिती सांगतो. पावसाळा होता, डायथायोनाइटच्या बाटलीचं झाकण माझ्याकडून नीट लागलं नाही. ही पावडर दमट हवेत खराब होते, हे मला पाठ होतं. सकाळी कॅम्पला सगळ्या ट्यूब स्वच्छ. सगळे निगेटिव्ह, मी खूश. बरोबरच्या सिस्टरने विचारलं, "कंट्रोल लावला?" लावला नव्हता. माहीत असलेलं पॉझिटिव्ह रक्त टाकलं, तीही ट्यूब स्वच्छ, रेघा चकाचक. ऑक्सिजन काढणारच मेलेला, तर व्हॅलिन चिकटणार कधी? साठ मुलांना पुन्हा बोटं टोचावी लागली. त्यातली एक चिमुरडी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी विसरलो नाही. तेव्हापासून आधी कंट्रोल, मग चहा.

मोलबद्दल एवढंच: उपाशीपोटी साखर ९० मिलिग्रॅम आली तर ती १०० मिलिलिटरमागे असते. लिटरला ९००. ग्लुकोजचा मोल १८० ग्रॅमचा. भागा, ५ मिलिमोल. परदेशातले बरेच रिपोर्ट असेच येतात आणि लोक घाबरून फोन करतात की साखर पाचवर आली.

---

विश्वामित्रीचा_शेजारी

केमिस्ट्रीतलं मला ओ का ठो कळत नाही, मी मगरींचे फोटो काढतो. पण बफरचा विषय निघाला म्हणून. आमच्या विश्वामित्री नदीतली मगर पाण्याखाली बराच वेळ राहते, ती श्वास कसा पुरवते यावर एकदा प्राणिशास्त्राच्या एका सरांनी सांगितलं होतं, बायकार्बोनेटचा काही संबंध आहे. काळाघोडाच्या पुलावर उभं राहून ऐकलं आणि विसरलो. कुणी सांगेल का?

---

मांजलपूरचा_लॅबवाला

हे मला येतं. पेशी ऑक्सिजन वापरतात तसा कार्बन डायऑक्साइड होतो, तो पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल, आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटला की बायकार्बोनेट. माणसाच्या रक्तात लिटरला साधारण २४ मिलिमोल बायकार्बोनेट आणि १.२ मिलिमोल विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, वीसास एक. हे गुणोत्तर सांभाळलं की पीएच ७.४ वर राहतो. आम्ल वाढलं तर बायकार्बोनेट ते गिळतं आणि जास्तीचा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसातून बाहेर. म्हणून धावल्यावर धाप लागते ती फक्त ऑक्सिजनसाठी नसते.

मगरीत एक पाऊल पुढे. तिच्या हिमोग्लोबिनला बायकार्बोनेट थेट चिकटतं, आणि चिकटलं की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सुटते. म्हणजे पाण्याखाली जितका वेळ, तितकं बायकार्बोनेट जास्त, तितका रक्तातला उरलासुरला ऑक्सिजन पेशींच्या हाती. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात सोसायट्यांत शिरलेल्या मगरी बघून आपली धाप वाढली होती, त्यांची नाही.

---

आजीची_नात

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू कळत नाही. काल रात्री मी हळद, चुना, लिंबू घेऊन बसले. आजी म्हणाली, "हे मला काय दाखवतेस, हे मी तुला दाखवायचं." पण लिंबू पिळल्यावर पुन्हा पिवळं झालं तेव्हा तिने वाटी हातात घेऊन परत चुना टाकला. मग परत लिंबू. चार वेळा. वाटीला वर फेस आला, तो का ते मला सांगता आलं नाही.

कच्च्या टाक्यांचं तिला एकदम पटलं. शटल रिक्षाचं त्याहून जास्त, कारण तिला मागच्या महिन्यात तसंच बसावं लागलं होतं.

मी वहीत माझ्या शब्दांत असं लिहिलंय, चुकलं असेल तर सांगा: "पीएच ७ ला आम्ल आणि अल्कली समान. पीएच ८ ला हायड्रोजन आयन संपलेले असतात. बफर म्हणजे पीएच बदलू न देणारा द्रव."

---

रिटायर्ड_डेमॉन्स्ट्रेटर

फेस चुन्याचा. डबीतला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन थोडा कार्बोनेट झालेला असतो, लिंबाने तो वायू परत सुटतो. लॅबवाल्या भावाने वर सांगितलेली साखळीच, फक्त उलट्या दिशेने.

पहिलं वाक्य २५ अंशांपुरतं चालेल. तिसऱ्यात "बदलू न देणारा" जास्त झालं, "फारसा बदलू न देणारा" कर, कारण पुरेसं आम्ल ओतलं तर कुठलाही बफर हात टेकतो. दुसरं मात्र खोड.

पीएच ८ ला हायड्रोजन आयन संपत नाहीत. दहा कोटीवा भाग म्हटला तरी मोल हा गठ्ठाच एवढा अवाढव्य आहे की पीएच ८ च्या पाण्याच्या एका मायक्रोलिटरात, तुमच्या पिपेटच्या टोकावर दिसेल न दिसेल एवढ्या थेंबात, ६०० कोटी आयन निघतात. आकडेमोड तू स्वतः करून बघ, मी शून्यं मोजून दिलीत.

आता तुझ्या विषयातलं उदाहरण. ई. कोलाय या जंतूची एक पेशी धर, आकार साधारण एक घन मायक्रोमीटर, म्हणजे लिटरचे एकावर पंधरा शून्यं एवढे भाग केले त्यातला एक. पीएच ७ धरला तर तिच्यात मोकळे हायड्रोजन आयन किती? ६०. तिच्या आतला पीएच खरं तर ७.६ च्या जवळपास असतो, मग १५. कोटी नाही, हजार नाही, पंधरा. आणि त्याच पेशीत प्रोटीनचे रेणू वीस-तीस लाख, प्रत्येकावर हायड्रोजन आयन धरणाऱ्या आणि सोडणाऱ्या अनेक जागा. म्हणजे पेशीत पंधराच आयन आहेत असं नाही, मोकळे पंधरा आहेत, बाकीचे कुणा ना कुणाकडे वस्तीला आहेत. एक बाहेरून घुसला की कुणीतरी त्याला ठेवून घेतो, एक निघून गेला की कुणीतरी आपल्याकडचा सोडतो. बफर म्हणजे ही देवघेव. तुमच्या मॅडम तीन आठवडे पाण्यात का थांबल्यात ते आता त्यांनाच विचार, त्या खूश होतील.

---

आजीची_नात

आत्ताच आजीला सांगितलं, एका जंतूत मोकळे आयन पंधरा. ती निवडत होती ती मेथी खाली ठेवून म्हणाली, "पंधराच ना? मग मोजले कुणी?"

काकू, याला काय सांगू?